माझ्याच मशीनवर चालणारी रेसिपी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, मित्रांत नाही. तुम्हाला सांगतोय — आताच का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी नीटनेटका माणूस. नारायणगावात माझा कॉम्प्युटर क्लास होता. वायरींनासुद्धा नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही काही जण फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मराठीतून चालावं म्हणून खटपट करत होतो. ते बसवायची रेसिपी मी लिहिली होती — आधी काय, नंतर काय, कुठली फाइल कुठून घ्यायची. ती चालू केली की पुढचं सगळं कॉम्प्युटर आपणहून करी. फक्त मराठी फॉन्ट, म्हणजे अक्षरांची फाइल, ती माझ्याच मशीनमधून उचलायची; तो नसला की अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. दुसरीकडे बसवायचं तर फॉन्ट घेऊन मला जावं लागे.

आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — लई आवडायचं.

घोडेगावच्या सुनंदाताई माझ्याच क्लासात शिकलेल्या, आता शाळाशाळांतून कॉम्प्युटर शिकवायच्या खटपटीत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, फॉन्ट रेसिपीतच घाला की. दर येळी तुमाला आवतण देत बसू का?"

"घातला," मी म्हणालो.

घातला नव्हता. त्यांच्या मशीनवर मी तो पूर्वीच हाताने बसवला होता. त्यामुळे तिथं तपासलं तर सगळं चालणारच — हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. बाहेर अडल्या की फोन करतील, मग मी जाईन, एवढंच मनात.

पुढे डोंगरातल्या एका शाळेत त्या ती रेसिपी घेऊन गेल्या. तिथं फोन लागत नव्हता. गाव जमलेलं. शिकवायचं काम त्यांना द्यायचं की नाही, ते त्याच दिवशी ठरणार होतं. आणि पडद्यावर मराठीच्या जागी नुसते चौकोन.

"बाई, ही मराठी हाय का फरशी?" कुणीतरी ओरडलं. हसणं थांबेचना. काम त्यांना मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "भाऊ, माजंच कायतरी चुकलं आसंल."

मी काय म्हणालो असेन? — "नीट तपासून जायचं असतं, ताई."

त्या गेल्यावर मी फॉन्ट रेसिपीत घातला. समोरचा चहा गार व्हायच्या आत झालं. पुढे ती रेसिपी कुणीही, कुठंही, मला न विचारता वापरू लागलं. कौतुक माझं झालं. सुनंदाताईंनी शाळांत जाणं सोडलं.

काही वर्षांनी ओझरला देवळाबाहेर भेटल्या. मुलीला म्हणाल्या, "पाया पड. ह्यांच्याकडनंच शिकले मी."

मुलगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.