कापलेल्या दोरीचे टाळ

नाशिकहून निघताना बायकोने विचारलं, खामगावावरून जाणार का? मी नाही म्हटलं आणि नांदुऱ्याचं तिकीट काढलं.

खामगावात माझा धाकटा भाऊ राहतो. एक हातगाडी आणि एक तराजू, एवढ्यावर आम्ही दोघांनी मोडीचा धंदा उभा केला. वेगळं व्हायचं ठरल्यावर मी बाहेरगावी गेलो होतो. तेवढ्यात त्याने तराजूची पितळी पारडी उचलून नेली. दांडी राहिली, ती मी भिंतीवर टांगली. तेव्हापासून मी त्याचा उंबरा चढलो नाही.

मी जुनी भांडी, घंटा, समया घेतो आणि शौकिनांना विकतो. बुलढाण्याकडे, देऊळघाटच्या पुढे एका गावात जुने कांशाचे टाळ आहेत, असा आवाज आता कोणी ओतत नाही, असं ऐकलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. गावकऱ्यांनीच नको म्हटलं. बदल्यात द्यायला नव्या टाळांच्या कोऱ्या जोड्या पोत्यात भरून घेतल्या होत्या. नवं चकाकतं दिसलं की माणूस जुनं सोडतो, हा माझा अनुभव.

नांदुऱ्याहून धरलेली बस मोताळ्यापुढे घाट चढली तशी मागे काळी जमीन उलगडत गेली. कापूस वेचणीला आलेला, तुरीवर पिवळा फुलोरा. बुलढाण्यात रिक्षावाल्याशी घासाघीस केली आणि जिंकलो. त्याने मला फाट्यावरच उतरवलं. "एवढ्यात एवढंच येते, भाऊ," म्हणाला आणि निघून गेला. उरलेली वाट पोतं खांद्यावर घेऊन उन्हात चाललो. पोतं पावलागणिक वाजत होतं. शेतातल्या बाया कापूस वेचायच्या थांबून हसत होत्या.

निवृत्त शिक्षक असलेल्या गुरुजींनी मला उतरवून घेतलं. भजनाचा मान त्यांचाच. त्यांच्याकडे रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची झणझणीत भाजी जेवलो. कान तापले, नाक वाहिलं, तरी तिसरा रोडगा मागितला. मग खुंटीवरचा टाळ त्यांनी हातात दिला. वजन, कड, नाद, सगळं उत्तम. पण तो एकटाच होता. मधली दोरी कापलेली, तिच्या टोकाला गाठ.

"याचा जोडीदार?"

"खालच्या आळीत हाय."

भाव वाढवायची ही रीत मला ठाऊक आहे. मी चिडलो, नको ते बोललो. गुरुजी शांतपणे सुपारी कातरत राहिले आणि मग त्यांनी सांगितलं.

एका निवडणुकीच्या मिरवणुकीत वरच्या आणि खालच्या आळीत दगडफेक झाली. वरच्या आळीतल्या भगवानचा डावा डोळा गेला. दगड खालच्या तुळशीरामचा होता. कोर्टकचेऱ्या झाल्या, सोयरिकी मोडल्या. भजनी मंडळाची वाटणी करायला बसले तेव्हा कोणी एक इंचही सोडेना. शेवटी टाळाच्या प्रत्येक जोडीची दोरी कापली. एक टाळ वर, एक खाली. म्हणजे वाजवायला कोणालाच उरलं नाही. कित्येक वर्षं देवळात भजन झालं नाही.

मग भगवानची आई वारली. घरात मयत, आणि भजनाशिवाय तिला उचलायची वेळ आली. भगवान आपला एक टाळ मांडीवर घेऊन बसला होता. खालच्या आळीतून तुळशीराम एकटा आला. त्याच्या हातात दुसरा टाळ होता. कोणाशी न बोलता तो भगवानच्या समोर बसला आणि टाळ पुढे धरला.

"मंग?" मी विचारलं. माझी भाषा कधी बदलली, कळलं नाही.

"मंग काही नाई. भगवाननं टाळ मारला."

उन्हं कलल्यावर गुरुजी मला देवळात घेऊन गेले. तिथे दोन रांगा समोरासमोर बसल्या, वरची आळी आणि खालची आळी. प्रत्येकाच्या हातात एकच टाळ. प्रत्येकाने तो समोरच्याच्या टाळावर मारायचा. समोरचा क्षणभर चुकला, तर तुमचा हात हवेत. पहिल्या अभंगाला नाद विस्कटलेला होता. दुसऱ्याला तो जुळला. फरशी थरथरली. मी आयुष्यभर कांसं वाजवून पारखलं आहे, पण असा नाद ऐकला नव्हता. समोरच भगवान आणि तुळशीराम बसले होते. तुळशीरामचा ठोका हुकला तसा भगवान म्हणाला, "दगडाचा नेम बराबर धरला होता बे यानं, टाळाचा काऊन धरत नाई?" सगळे हसले. तुळशीरामही हसला, पण मान खाली घालून.

भजन थांबलं तेव्हा मी पोतं उघडलं. माझा सवयीचा डाव टाकला: जुने मला द्या, मी प्रत्येकाला पुरी जोडी देतो, अर्ध्यावर का भागवता?

भगवानने नवी जोडी वाजवून पाहिली. चांगली आहे म्हणाला. मग ती परत पोत्यात ठेवली.

"पुरी जोडी हाती आली, भाऊ, का माणूस घरी बसूनई वाजवते."

मी पोत्याचं तोंड बांधलं.

तुळशीरामने आपला टाळ माझ्या हातात देऊन मला भगवानसमोर बसवलं. मी घाई केली आणि कड माझ्याच अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं झालं. भगवान म्हणाला, "तुमी जिंकाले पाहून राह्यले. माह्या हाताची वाट पाहा." पाच-सहा ठोक्यांनंतर एक लागला. एकच. त्याचा नाद हातातून खांद्यापर्यंत चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळची नांदुऱ्याची बस चुकली. मिळाली ती खामगावावरून जाणारी. स्टँडवर ती बराच वेळ थांबली. खिडकीतून भावाच्या दुकानाची गल्ली दिसत होती. मी उतरलो नाही. खोटं कशाला सांगू, राग गेलेला नव्हता.

घरी आल्यावर भिंतीवरची दांडी उतरवली. काटा गंजून अडकला होता. तेल घालून तो मोकळा केला. आता रविवारी दांडी घेऊन खामगावला निघालो आहे. भावाने पारडी मोडीत घातली असतील, तर दारातूनच भांडून परत येईन. नसतील घातली, तर तो ती पुढे करेपर्यंत थांबेन.

अंगठ्याचं नख अजून काळंच आहे.