रिकामी बंदूक

सकाळी एका गिऱ्हाईकाने दुरुस्तीला बंदूक आणली. “रिकामी आहे हो,” म्हणाला. तरी मी उघडून नळीत पाहिलंच. त्याला राग आला. “एवढाही विश्वास नाही?”

नाही. या धंद्यात सख्ख्या भावाच्या शब्दावरही बंदूक रिकामी धरत नाहीत. लोखंडाला मी कधी डोळे मिटून हात लावला नाही. माणसावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला.

परवान्याचा अर्ज भरताना मोहन, माझ्याबरोबरच काम शिकलेला मित्र, म्हणाला होता, “नुसता दुरुस्तीचा घे रे. विक्रीची भानगड कशाला?” मी त्याचं ऐकून तेवढ्यावरच सही केली. त्याने मात्र दोन्ही परवाने काढले आणि माझ्या दुकानासमोरच दुकान थाटलं.

“काडतुसं मिळतील?” गिऱ्हाईकाने जाताना विचारलं.

मी समोर बोट दाखवलं. “तिथे मिळतील. माझा मित्रच आहे तो.”