भेंडीचं टोक

भाजीच्या गाडीवर एक बाई भेंडीची टोकं मोडून बघत होती. भाजीवाला वैतागला, "मावशी, सगळीच मोडून ठेवलीत तर मी विकू काय?" ती म्हणाली, "जून निघाली तर शिजवायला तू येणार का?" आणि पुढची भेंडी मोडली.

माझी आई अशीच मोडते. ती तिकडे गावी, मी इथे कपडे शिवायच्या कारखान्यात. आठवीत शाळा सुटली, त्यामुळे गोळ्यांसोबतचा इंग्रजी कागद मला वाचता येत नाही. परवापासून उदासपणावरची गोळी सुरू झालीय. डॉक्टर मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, त्यांचे उपकारच. "सुरुवातीला जीव जास्त घाबरेल. नको ते विचार आले तर थांबायचं नाही, लगेच फोन करायचा." मी विचारलं, "घरची आठवण यायची थांबेल का हो?" त्या हसल्या नाहीत. "सगळंच सुन्न वाटायला लागलं तर सांग. गोळी बदलू."

तेव्हापासून मी सारखी मनाला चाचपून बघते. भीती जावी, पण आईची ओढ राहावी. असं निवडून मागता येतं का औषधाकडे, कोण जाणे. आज त्या भाजीच्या गाडीपाशी मात्र आई अशी आठवली की काय घ्यायला आले तेच विसरले. "काय देऊ ताई?" भाजीवाल्यानं विचारलं. मी एक भेंडी उचलून तिचं टोक मोडलं. आईची ओढ तशीच होती, आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटत होतं.