अक्कांचं हिरवं मीठ

सिव्हिल हॉस्पिटलमधल्या नर्सच्या अंगाला स्पिरिटचा वास येणार, अशी आपली समजूत असते. अक्कांच्या अंगाला पुदिन्याचा वास यायचा. ड्यूटीला जाण्याआधी अर्धा तास आणि आल्यावर तासभर त्या क्वार्टरमागच्या वाफ्यात बसलेल्या असत. कितीही साबण लावला तरी त्यांच्या नखांची हिरवी कड जात नसे. वॉर्डात त्या सिस्टर. धुळ्यातल्या आमच्या सरकारी क्वार्टरांच्या ओळीत मात्र लहानथोर सगळ्यांच्या अक्का. मी त्यांचा शेजारी, एका कचेरीत नवा लागलेला कारकून. आई सोनगीरकडच्या आमच्या गावाहून येऊन माझ्याजवळ राहत होती, आणि मी कॉलेजात समतेवर भाषणं करून मिळवलेले दोन कप टेबलावर मांडून ठेवले होते.

वाफा म्हणजे काय, न्हाणीचं पाणी जिथे जायचं तिथली दोन खाटांएवढी जागा. त्यात कोथिंबीर, पुदिना, शेपू, लसणाची पात, कडेला गवती चहा आणि कोपऱ्यात कढीपत्त्याचं झाड. थंडीत तर हिरवाई अशी माजायची की अख्ख्या ओळीला आवरायची नाही. अक्का कोथिंबीर कधी उपटत नसत, कात्रीनं दोन बोटं वर कापत. ती पुन्हा फुटे, त्या पुन्हा कापत. एकदा मदतीच्या उत्साहात मी मूठभर मुळासकट ओढली. अक्कांनी कपाळाला हात लावला. "अहो भाऊ, केस कापायला सांगितलं तर न्हावी मुंडी काढून हातात देतो का?"

मग ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जुड्या घेऊन त्या दारोदार फिरत. आईशी त्या अहिराणीत बोलायच्या. "बठ्ठी लई ले माय, आते कोवळी शे." सगळी घे, आता कोवळी आहे, असं. आई हसून पदर पसरायची. घरात आल्यावर ती जुडी दोनदा धुवायची. माती फार असते म्हणून धुते, असं मी समजत होतो. तसं समजणं सोयीचं होतं.

अक्का बौद्ध होत्या, आम्ही नव्हतो. त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धाचा फोटो होता आणि त्याखाली रोज ताजी फुलं असत. आईचा नियम गावाकडून आलेला होता आणि तो तिनं मला एकदा न लाजता सांगितला. "कच्चं शे तोवर चालस. मीठ-पाणी लागनं का मंग नही." म्हणजे अक्कांच्या वाफ्यातला पाला चालत होता. त्याच पाल्याला त्यांच्या घरचं पाणी लागलं की चालत नव्हता. मी यावर काय बोललो? काही नाही. माझी भाषणं मराठीत होती आणि आई अहिराणीत बोलायची, असं काहीतरी कारण मी तेव्हा मनाशी दिलं असेल.

खानदेशातला उन्हाळा माहीत असणाऱ्याला सांगायला नको. चैत्र लागला की वाफ्याची पार राख व्हायची. म्हणून अक्का माघ-फाल्गुनातच तयारीला लागत. पुदिना खाटेखाली, वर्तमानपत्रावर, सावलीत वाळत पडलेला असे. "उन्हात टाकला की रंगही गेला नि वासही," त्या म्हणत. "पेशंटसारखंच आहे भाऊ, घाई केली की बिघडतो." पण त्यांची खरी करामत म्हणजे हिरवं मीठ. कोथिंबीर, पुदिना, लसणाची पात, मिरची आणि जाडं मीठ पाट्यावर वाटायचं, ताटात पसरून सावलीत सुकवायचं आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचं. बरणी उघडली की ऐन वैशाखात घरात थंडीचे दिवस आल्यासारखा वास सुटायचा.

एका वर्षी त्यांनी एक बरणी माझ्या हातात ठेवली. "पावसापर्यंत पुरवा. नुसत्या भाकरीवर टाका, भाजीही लागत नाही."

आईनं बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "परत दी ये," ती म्हणाली. देऊन ये.

परत देण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. घरात ठेवून आईसमोर बसून खाण्याचं तर त्याहून नव्हतं. मी तिसरा मार्ग काढला. असले मार्ग मला पटकन सुचतात. बरणी पिशवीत घालून कचेरीत नेली. दुपारी डबे उघडले आणि पाच माणसं तिच्यावर तुटून पडली. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांनी तर बोट चाटत विचारलं, "कोणी केलं रे हे?"

शेजारच्या अक्कांनी, असं म्हटलं असतं तर कदाचित नानांनीही बोट चाटणं थांबवलं असतं. निदान मला तशी भीती वाटली. मी म्हणालो, "आईनं."

बरणी धुऊन मी अक्कांना परत केली आणि सांगितलं, "फार छान झालं होतं. आईला तर इतकं आवडलं!" अक्का खूश झाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी आमच्यासाठी दोन बरण्या भरल्या. त्याही मी कचेरीतच नेल्या.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात नानांचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तर ते अक्कांच्या वॉर्डात. अक्का त्यांच्या तोंडात थर्मामीटर देण्याच्या बेतात होत्या. मला पाहून नाना खुलले. "सिस्टर, तोंडाला चव नाही हो. ह्याची आई हिरवं मीठ करते, काय सांगू तुम्हाला! तेवढं चालेल का चिमूटभर?"

मी खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभा होतो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो का? कशावर वाटतात आई?" त्यांनी विचारलं.

"पाट्यावर," मी म्हणालो. हो, मी उत्तर दिलं.

"आणि लसूण?"

"पात घालते. लसणाची."

"बरं करतात," अक्का म्हणाल्या आणि थर्मामीटर झटकला. "चालेल हं नाना. अगदी चिमूटभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला वाफ्याजवळ हाक मारली. हातात कागदाची पुडी दिली. "ही नानांना पोचवा. आईंच्या नावानंच द्या, आता वेगळं सांगून पेशंटचा गोंधळ नको." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरून मोकळा झालो असतो. मी पुडी घेतली आणि पोचवली, त्यांनी सांगितलेल्या नावानंच.

त्यानंतर आमच्याकडे बरणी आली नाही. थंडीत जुड्या मात्र पूर्वीसारख्याच आल्या, ओल्या फडक्यात, कोवळ्या. आईशी बोलणंही तसंच. काही बदललं नाही असं वाटावं इतक्या अक्का नीट वागल्या. दीडेक वर्षानं त्यांची जळगावला बदली झाली. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी माफी मागायची ठरवली होती. प्रत्यक्षात मी पाटा उचलून टेम्पोत ठेवला आणि म्हणालो, "बराच जड आहे हो."

आई गेली, त्याला वर्ष होत आलं असताना कचेरीच्या कामानं मी जळगावला गेलो. मे महिना. आता आईची सबबही उरली नव्हती. धुळ्यापासून एसटीत वाक्यं जुळवत गेलो. "अक्का, माझं चुकलं" इथून सुरुवात करायची हे पारोळ्यापर्यंत पक्कं झालं होतं. पत्ता शोधत भर दुपारी त्यांच्या दारात पोचलो तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती.

अक्का निवृत्त झाल्या होत्या, केस पांढरे झाले होते. नखांची कड हिरवीच. "अरे देवा, भाऊ! या, या, पंख्याखाली बसा." आईचं ऐकून त्यांचे डोळे भरले. मग त्या आत गेल्या. आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या देतात, बोलणं मागून. अक्का ताटलीत दोन केळी घेऊन आल्या. सालासकट, अखंड.

"घ्या. सोलून घ्या," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. शपथेवर सांगतो, नव्हता. पाहुण्याची अडचण होऊ नये म्हणून, एखाद्याचं पथ्य लक्षात ठेवावं तसा आमच्या घरचा, कधीच न सांगितलेला नियम त्यांनी लक्षात ठेवला होता.

माठ मला बसल्या जागेवरून दिसत होता. "अक्का, पाणी द्या," एवढे तीन शब्द. एसटीत जुळवलेली सगळी वाक्यं त्या तीन शब्दांत मावली असती. पण ते म्हणायचं तर त्यांनी पाणी का आणलं नाही हे मला कळलंय, हेही कबूल करावं लागलं असतं. मी केळं सोललं. "यंदा पुदिना कसा आहे?" मी विचारलं. अक्का पुदिन्याबद्दल भरभरून बोलत राहिल्या. मी दुसरं केळंही खाल्लं, घसा चिकट झाला तरी.

उठलो तेव्हा सालं कुठे टाकावीत ते मला कळेना. अक्कांनी हात पुढे केला. माझी उष्टी सालं त्यांनी सहज घेतली, आणि मी ती सहज दिली.