चेनीची खांदेमळण

आमच्या वाडीपासून डांबरी सडकेपर्यंत जाणारी वाट हा कायद्याने रस्ता आहे, आणि म्हणून त्याची दुरुस्ती करणे हे संबंधित कार्यालयाचे कर्तव्य आहे, असे मी वर्षानुवर्षे अर्जांतून मांडत आलो. दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून हयात घालवलेल्या माणसाला एकदा घेतलेली भूमिका बदलण्याची सवय नसते. परंतु गेल्या उन्हाळ्यात पत्नीची डावी बाजू लुळी पडली आणि तीच वाट रस्ता नाही, असे म्हणण्याची पाळी माझ्यावर आली.

आमची वाडी अकोले तालुक्याच्या डोंगरात आहे. जीप खाली सडकेवर थांबते, वर येत नाही. मधल्या वाटेत एक ओढा, त्याच्या पलीकडे उभा चढ आणि पावसाळाभर लाल चिखल. तालुक्याच्या गावी व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत बजावले होते, "काका, सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे. आता जे परत येईल ते येईल. नंतर शरीर हट्टाला पेटतं. यांना आणायचं चुकवू नका." शेजारचे चौघे डोलीसाठी तयार होते. पत्नीने त्यांच्यासमोरच नकार दिला.

"डोलीत बसून मी ह्या वाडीतनं एकदाच जानार हाय. तवा मला परत यायचं नसंल."

म्हणून तीनचाकी घेतली. पुढून मोटारसायकल आणि मागे जाड टायरांची दोन चाके, असे ते वाहन. शेतातला माल वाहण्यासाठी ते विकतात, आणि सार्वजनिक रस्त्यावर चालवू नये अशी स्पष्ट सूचना सोबत देतात. आमची वाट रस्ता ठरली तर माझी गाडी बेकायदा, आणि न ठरली तर माझे सगळे जुने अर्ज रद्दबातल. मी संबंधित खात्याला पत्र पाठवून खुलासा मागितला. खुलासा आला नाही. मागच्या हौद्यात गादीची खुर्ची पक्की बसवून घेतली, पत्नीला तिच्यात पट्ट्याने बांधले आणि सडकेपर्यंत नेऊ लागलो. पुढे जीप होती.

गाडीची मूळ चेन पहिल्याच पावसात ओढ्याच्या चढावर तुटली. सुटी होऊन ती चिखलात पडली आणि गाडी मागे सरकू लागली. मी ब्रेक दाबून धरला. मागे बसलेली पत्नी एका हाताने खुर्ची धरून मलाच धीर देत होती. त्या दिवशीचा व्यायाम बुडाला. दुसऱ्या दिवशी मी तुटकी चेन पिशवीत घालून तालुक्याच्या गॅरेजवाल्यापुढे पुराव्यासारखी ठेवली.

"भाऊसाहेब, साधीच घाला परत," तो म्हणाला. "आख्खा डोंगर साध्यावर चालतोय."

"डोंगर चालत नाही. गाडी चालते, आणि तिच्यात माझी पत्नी बसलेली असते."

"मग ही घ्या रबरवाली. मधी बारीक रिंगा हायेत. आतलं ग्रीस आतच ऱ्हातं, चिखल शिरत न्हाई. पन ही आमी हितं कुनाला बसवत न्हाई."

"का?"

"रोज पुसत बसाया लोकांना टाइम कुठाय? तुमी रिटायर, तुमाला जमंल."

चेन निवडणे म्हणजे तिची ताकद निवडणे, असा माझा समज होता. प्रत्यक्षात चेन एकटी निवडता येत नाही. ही नवी चेन जाड होती, त्यामुळे पुढचे आणि मागचे दातेरी चाकही तिच्या मापाचे घ्यावे लागले. जाडीचा प्रश्न नसता तरी ती चाके बदलावीच लागली असती, कारण झिजलेले दाते नव्या चेनीला थोड्याच दिवसांत आपल्यासारखे करून घेतात. हे मी कार्यालयांतही पाहिले आहे. चेनीची दोन टोके जोडणाऱ्या लॉकचे मिटलेले तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवे, हे मी सूचनापत्रात वाचले होते. गॅरेजवाल्याने ते उलट बसवले होते, ते मी त्याच्याकडून सुलट करून घेतले. तो हसत होता. मी हसलो नाही.

देखभालीचे नियम मी अक्षरशः पाळले. प्रत्येक फेरीनंतर गाडीची मागची बाजू ठोकळ्यावर उचलायची, साबणाच्या कोमट पाण्याने आणि दातांच्या जुन्या ब्रशने चिखल काढायचा, कोरड्या फडक्याने पुसायचे, मग चाक हळूहळू फिरवत ठरलेल्या तेलाचे थेंब चेनीच्या आतल्या अंगाने सोडायचे आणि वर राहिलेले तेल टिपून घ्यायचे. चेन किती ढिली आहे ते मात्र ठोकळा काढून, गाडीवर नेहमीचे ओझे ठेवूनच तपासावे लागे. म्हणून पत्नीला खुर्चीत बसवून मी शाळेतली फूटपट्टी घेऊन खाली वाकत असे.

"अहो, झालं का मोजून? मी काय भाताचं पोतं हाय व्हय?"

"हलू नकोस. तू बसल्याशिवाय माप खरे येत नाही."

"आता एवढं निरखून बघताय. लग्नात तर वर बघितलं बी न्हाई."

आषाढ-श्रावण असे गेले. चेन एकदाही उतरली नाही, व्यायाम एकदाही बुडाला नाही. पत्नीचा पाय थोडा जमिनीला टेकू लागला. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राही. डॉक्टरबाईंनी दिलेला मऊ रबरी चेंडू मी तिच्या तळव्यात ठेवी आणि तो घरंगळून खाली जाई. मी उचलून पुन्हा ठेवी. गाडीत जे काही बिघडे ते सूचनापत्रात सापडे. या हातासाठी तसे काही छापलेले नव्हते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी वाटेसंबंधीचे स्मरणपत्र टपालात टाकायला खाली गेलो होतो. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांची खांदेमळण करतात. जुवाने घासून निघालेल्या त्यांच्या खांद्यांवर तूप आणि हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. आमचा गोठा बरीच वर्षे रिकामा आहे. परत येऊन पाहतो तो पडवीत ठोकळ्यावर चढवलेल्या तीनचाकीची चेन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळी झाली होती. पत्नी भिंतीला टेकून चाकाजवळ बसली होती. शेजारी तुपाची वाटी होती.

"हे काय केलेस?"

"खांदेमळन."

"कुणाची?"

"जो वढतो त्याची. सगळा पावसाळा मला वढतोय बिचारा."

माझा तोल गेला. सूचनापत्र आणून मी तिला मोठ्याने वाचून दाखवले. ठरलेल्या तेलाखेरीज दुसरे काहीही लावू नये, चिकट पदार्थात माती धरते, माती धरली की चेन आखडते, हे सर्व त्यात क्रमाने छापलेले होते. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"कंपनीला पोळा ठावं हाय का?"

"मी हे आत्ताच्या आत्ता पुसून काढणार आहे."

"पुसू नका. आवतन दिऊन झालंय. आज आवतन घ्या, उद्या जेवाया या, म्हनलंय त्याला. आवतन दिऊन दार लावायची रीत न्हाई आपल्यात."

मी फडके घेऊन खाली बसलो आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की चेन पूर्ण पिवळी आहे. चाक फिरवत राहिल्याशिवाय ती सगळी हाताखालून जाणार नाही. म्हणजे चाकावर एक हात हवा आणि चेनीवर दुसरा.

"चाक कोणी फिरवले?"

"म्या. ह्या हातानं." तिने उजवा हात दाखवला.

"मग तूप कोणी लावले?"

पदराखालून तिचा डावा हात निघाला आणि थरथरत थोडा वर आला. अंगठा आणि दोन बोटे पिवळी होती, नखांत हळद होती.

मी फडके खाली ठेवले. ज्या बोटांनी पावसाळाभर चेंडू धरला नव्हता, ती बोटे माझ्यासमोर तुपाने चमकत होती. चेन पुसणे माझे कर्तव्य होते, हे मला तेव्हाही कळत होते. पण माझ्याने ती पुसवली नाही. पोळ्याच्या दिवशी पत्नीने गाडीच्या हँडलला झेंडूची माळ घालायला लावली आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. दिवसभर पाऊस होता. संध्याकाळी पुसू म्हटले तर ती म्हणाली, सणाचा दिवस सरू द्या. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी जेवढे निघेल तेवढे काढले. थंडीने थिजलेले तूप दुव्यांच्या फटींत बसले होते. व्यायामाचा दिवस होता आणि जीप ठरलेली होती. आम्ही निघालो.

ओढ्याच्या चढावर चेन कडकड वाजली, दात्यांवरून उडाली आणि लॉकपाशी तुटली. दाते आणि चेन यांच्यामध्ये लाल माती लाडवासारखी घट्ट दाबली गेली होती. तिच्यात एक खडाही होता. तुपामुळे तुटली की खड्यामुळे, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. डॉक्टरबाईंना बोट हलवून दाखवायचे म्हणून पत्नी त्या दिवशी नवी साडी नेसली होती. शेजाऱ्याने तिला पाठुंगळी घेऊन भर पावसात घरी आणले. डोली नको म्हणणाऱ्या तिने सबंध वाटेत डोळे मिटून घेतले होते.

गॅरेजवाल्याला मी मोबाईलवर फोटो पाठवला.

"भाऊसाहेब, दुवे वाकल्यात, नुसत्या लॉकनं भागनार न्हाई. एवढ्या लांबीची जाड चेन तालुक्यात न्हाई, मागवावी लागंल."

"तोवर साधी बसव."

"साधी कशी बसंल? दाते तुमीच बदलून घेतले ना, जाडीचे!"

मी कंपनीला पत्र लिहिले. हमीच्या मुदतीत चेन तुटली असल्याने ती तातडीने बदलून द्यावी, अशी मागणी केली. कंपनीने उलट विचारले की ठरलेल्या तेलाखेरीज दुसरा कोणता पदार्थ लावला होता काय. खोटे निवेदन करणे माझ्या स्वभावात नाही. तूप आणि हळद, असे मी लिहिले. लावण्याचे कारणही लिहिले. त्यांचे उत्तर नम्र होते आणि नकाराचे होते. ते मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात एकही दोष सापडला नाही. उभ्या आयुष्यात मला इतके निर्दोष पत्र क्वचितच आले असेल, आणि त्याचाच मला सर्वाधिक संताप आला.

चेन अजून आलेली नाही. डॉक्टरबाईंचा फोन येतो. "बोटं हलली म्हणता ना काका? मग हीच वेळ आहे हो. काहीही करा, पण आणा त्यांना." मी हो म्हणतो. घरी चेंडू देऊन पाहतो, तो घरंगळतो.

"त्या दिवशी कसे जमले तुला?" मी विचारले.

"खांदा मळाया हात आपसूक जातो. लहानपनापासनं मळलाय. चेंडूचं काय करू मी?"

मी वाटीत तूप-हळद कालवून जुन्या जुवाचे लाकूड तिच्यापुढे ठेवले. तिने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"रोज काय पोळा असतो व्हय?"

तरी तिने प्रयत्न केला. अंगठा हलला. बाकीची बोटे हलली नाहीत. तिने पुन्हा प्रयत्न केला आणि मग उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर परत ठेवला. मी वाटी आत नेली.

काल शेजारी डोलीचा बांबू घेऊन आला आणि न विचारताच पडवीच्या भिंतीला टेकवून गेला. "असू द्या नाना, लागंल तवा," एवढेच म्हणाला. पत्नीने तो पाहिला.

"त्यो काढा तिथनं."

मी उचलून पाहिला. ओला बांबू जड होता, माझ्या एकट्याच्याने हलला नाही. शेजाऱ्याला हाक मारावी तर तो डोलीसाठीच बोलावले असे समजून चौघांना घेऊन येईल. शेवटी मी गाडीवरची ताडपत्री काढून बांबूवर टाकली आणि तिची टोके नीट खोचली.

पत्नी खाटेवरून सगळे पाहत होती.

"झाकून काय उपेग?" ती म्हणाली. "दिसतोय की."