धाकट्याची प्रार्थना आणि दादाचं डोकं

माझे दोन्ही भाऊ केस कापतात. थोरल्याला सगळी गल्ली दादा म्हणते, कारण तो सगळ्या गल्लीवर ओरडतो. धाकट्याला मी धाकटाच म्हणते. पन्नाशी जवळ आली तरी त्याला काही बढती मिळालेली नाही. वडिलांचं दुकान दोन खुर्च्यांचं, आणि त्याला लागूनच माझं इस्त्रीचं. मधली भिंत इतकी पातळ की दोघांची भांडणं ऐकायला मला इस्त्री खाली ठेवावी लागत नाही.

धाकटा पूर्वी मोठा वल्ली. कोणाच्या घरात काय शिजतंय हे त्याच्या खुर्चीत बसलं की कळायचं, आणि नाहीच कळलं तर तो मनानं रचून सांगायचा. गिऱ्हाईक त्यासाठीच यायचं. मग एकदा जिन्यावरून पडला, पाय मोडून दवाखान्यात गेला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं त्याला आपलं बायबल वाचायला दिलं. वेळ जाईना म्हणून यानं घेतलं. पाय जुळला तेव्हा आमचा धाकटा येशूचा होऊन घरी आला.

आम्हाला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण यानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर थापा बंद केल्या. कुचाळक्याही बंद. आता केस कापणाऱ्याच्या तोंडाला कुलूप म्हटल्यावर गिऱ्हाइकानं तिथं बसून करायचं काय? त्यात कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं विचारलं, "मागं जरा विरळ झालेत का रे?" दादा वर्षानुवर्षं या प्रश्नाला "छे, उजेड तसा पडलाय" म्हणत आला होता. धाकटा म्हणाला, "विरळ नाही, गेलेतच." किराणावाला परत आला नाही.

खरा घोटाळा बँकेच्या साहेबांच्या दाढीला झाला. धाकट्याला सवय लागली होती, काम सुरू करायच्या आधी त्या माणसासाठी दोन शब्द प्रार्थना करायची. चांगलं आहे. पण डोळे मिटून आणि हातात उघडा वस्तरा धरून? साहेबांनी सहज आरशात पाहिलं, तर मागे हा डोळे मिटून पुटपुटतोय आणि वस्तरा त्यांच्या मानेशी. साहेब तोंडाला फेस आणि गळ्यात कापड तसेच ठेवून बाजारातून पळाले. मी इस्त्री हातात घेऊनच बाहेर आले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले.

दादा मात्र हसला नाही. "या दुकानात ते नाव पुन्हा ऐकू आलं तर तू तरी राहशील नाहीतर मी!"

"दादा, वस्तरा धरून डोळे मिटणार नाही. ती माझी चूकच झाली," धाकटा म्हणाला. "पण नाव नाही सुटायचं."

"मग चालता हो."

तो गेला. माझी वहिनी, म्हणजे दादाची बायको, तिनं घराचंही दार बंद केलं. पोरीचं लग्न जमवायचं होतं. चुलता असला म्हटल्यावर कोण करून घेणार, असं तिचं म्हणणं. धाकट्याचा एकटा जीव, भाड्याच्या खोलीत राहायचा. पिशवीत कात्री, कंगवा टाकून तो अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन केस कापू लागला. ज्यांच्या डोक्याला घरचेही हात लावत नव्हते, त्यांची डोकी हा मायेनं धुवायचा. मी म्हटलं, "बरोबर आहे, तुला पळून जाता येत नाही असंच गिऱ्हाईक पाहिजे." तो खदखदून हसला. मला रडू आलं, म्हणून मी आणखी चार शब्द सुनावले.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आमच्यातल्या कोणी दुसऱ्याच्या दुकानात डोकं द्यायचं नाही. दिलं, तर तो आपल्यापेक्षा चांगला कापतो असं कबूल केल्यासारखं. त्यामुळे लहानपणापासून हे दोघं एकमेकांचेच केस कापत आले. आता बोलणंच बंद! दोघांची डोकी वाढत चालली. पाटीवर केशकर्तनालय आणि आत दादा नुसता अस्वल. एकदा त्यानं दोन आरसे लावून स्वतःच कापून बघितले आणि कानामागे अशी खिंड पाडली की टोपी घालायची वेळ आली.

तेवढ्यात भाचीला एक चांगलं स्थळ आलं. मुलगा चांगला, पोरीच्या मनात भरलेला. त्याचे आईवडील रविवारी घरी येणार होते. टोपी घालून पाहुण्यांसमोर बसायचं कसं? शनिवारी दादा धाकट्याच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसला. मी मध्यस्थ म्हणून दारात उभी.

"काप. पण प्रार्थना करायची नाही."

धाकट्याचा चेहरा उजळला होता, तो उतरला. "तोंडानं नाही करणार. पण तू समोर बसलास की मनात येणारच. येणार नाही असं खोटं कसं सांगू?"

"म्हणजे मी नसताना करत नाहीस?"

"तेव्हा तर जास्त करतो."

दादा ताडकन उठला. मग कानामागे हात गेला आणि परत बसला. "माझ्यासाठी काय मागतोस रे?" त्यानं विचारलं.

"तुझी पाठ. दोन्ही खुर्च्या एकटा ओढतोस, दुखत असणार."

कापून झाल्यावर दादानं कात्री घेतली, धाकट्याला खांदा धरून बसवलं आणि त्याचं जंगल साफ केलं. "उद्या ये," म्हणाला. "पण स्वयंपाकघरात बस."

रविवारी पाहुणे आले. चहा झाला, सगळं जमत आलं. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. "तुमचा एक भाऊ ख्रिस्ती झालाय म्हणे. संबंध तोडलेत ना?"

वहिनी घाईनं म्हणाली, "केव्हाच!" स्वयंपाकघरात कपाची किणकिण थांबली.

मी दादाकडे पाहिलं. पोरीचं लग्न एका शब्दावर टांगलेलं. त्यानं आत हाक मारली, "ए, बाहेर ये." धाकटा ओले हात पुसत आला. "हा माझा भाऊ," दादा म्हणाला. "येशूला मानतो. त्यानं कोणाशी संबंध तोडले नाहीत. दुकानातून मी काढला. तो आजही माझ्यासाठी प्रार्थना करतो."

मुलाच्या वडिलांनी बायकोकडे पाहिलं. "विचार करून कळवतो," म्हणाले आणि उठले. भाची त्यांना दारापर्यंत सोडून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. वहिनीनं पदर डोळ्यांना लावला.

"दादा, माझ्यामुळं..." धाकटा म्हणाला.

"गप्प बस," दादा म्हणाला. "आणि आता मनात करू नकोस. मोठ्यानं कर. पोरीसाठी मागतोयस ना, आम्हाला ऐकू दे."

धाकट्यानं डोळे मिटले. पोर सुखात राहू दे म्हणाला, तिला माणूस समजून घेणारं घर मिळू दे म्हणाला. स्थळाबद्दल चकार शब्द नाही. वहिनीला राहवेना. रडता रडता तिनं त्याला कोपरानं ढोसलं, "अहो भावजी, त्या मुलाचं नाव घेऊन सांगा ना! नाहीतर तुमचा देव भलत्यालाच पाठवायचा!"