शीलाताई आणि गाळ्यांची ओळ

शीलाताईंना शिलाई मशीनवर सलग बसलेलं मी कधी पाहिलं नाही. एक शिवण मारली की उठायच्या, दारात यायच्या, रस्ता वरखाली न्याहाळायच्या आणि परत आत जायच्या. वर्ध्यात बसस्थानकाजवळच्या गाळ्यांच्या ओळीत मी झेरॉक्सचं दुकान टाकलं, तेव्हा शेजारच्या गाळ्यातून त्या अशाच उठून आल्या. ओळख ना पाळख, माझं टेबल एका बाजूनं धरलं आणि म्हणाल्या, "गिऱ्हाइकाकडे पाठ करून काऊन बसून राह्यले, भाऊ? धरा तिकडून." टेबल फिरलं आणि चहाला न थांबता त्या निघूनही गेल्या.

"एका जागी बसलं का मले वाटते, आपल्या मागं काहीतरी ठरून राह्यलं," असं त्या नेहमी म्हणत.

एकदा खरंच ठरलं होतं. गाळ्यांचे मालक वारले. नागपूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं सगळी ओळ विकायला काढली. घेणारा व्यापारी बाहेरचा. तो गाळे पाडून मोठं कॉम्प्लेक्स बांधणार होता. आम्ही भाडेकरू दुसऱ्या जागा शोधायला लागलो. ताई मात्र दुकानादुकानांत शिरून एकच गोष्ट सांगत होत्या, "सारे मिळून आपणच घेऊ. भाडं देऊन देऊन हे गाळे आपणच उभे ठेवले ना? मंग दुसऱ्याच्या घशात कायले घालाचे?"

लोक हसले. ताई मला आणि मोबाइल दुरुस्तीवाल्या गजाननला घेऊन एसटीनं नागपूरला गेल्या. मालकाच्या मुलीसमोर उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "बाई, तुमच्या लग्नातले ब्लाउज मीच शिवले. भाव त्या व्यापाऱ्याचाच देऊ. फक्त दिवाळीपर्यंत थांबा." ती बाई हो म्हणाली.

सहकारी संस्था काढली. आमची बचत घातली, पतसंस्थेचं कर्ज काढलं, तरी कमीच पडत होतं. तेव्हा ताईंनी गिऱ्हाइकांनाच सभासद करायला सुरुवात केली. चौकातले रिक्षावाले, मेस चालवणाऱ्या बाया, सावंगीच्या दवाखान्यातल्या परिचारिका, ज्यांचे गणवेश त्या शिवत. "ज्याचे कपडे माह्याकडे येते, त्याचा हिस्साही या भिंतीत असू द्या," त्या म्हणायच्या. दिवाळीच्या आत खरेदीखत झालं.

भांडण त्यानंतरचं. गजाननला आपला गाळा स्वतःच्या नावावर हवा होता. ताईंनी ठाम नकार दिला. "नावावर केला का तू इकशीन. एक गाळा गेला का सारी ओळ गेली." शेवटी त्यांचाच नियम मंजूर झाला: जो जाईल त्यानं गाळा संस्थेला परत करायचा, आपला हिस्सा व्याजासह घ्यायचा, बाजारभाव कुणालाच नाही. गजानन कितीतरी महिने त्यांच्याशी बोलला नाही. पुढे आम्ही संस्थेला देत होतो त्या भाड्यातून कर्ज फिटलं, छपरं नवी झाली, रिक्षावाल्यांच्या घरी दिवाळीला लाभांश जाऊ लागला, तसा तोही निवळला. नंतर अध्यक्षही झाला.

मग ताईंच्या सुनेला पुण्यात अपघात झाला. ती अंथरुणाला खिळली, नात लहान. मुलानं आईला बोलावलं आणि घर घेण्यासाठी गाळा विकून ये, असंही सांगितलं. ताईंचा गाळा कोपऱ्यावरचा. एक व्यापारी त्यासाठी तोंडाला येईल ती किंमत द्यायला तयार होता.

सभेत गजाननच उभा राहिला. "हे सारं ताईनं उभं केलं. ताईपुरता नियम सोडू." सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. मागच्या भिंतीलगत येरझारा घालणाऱ्या ताई थांबल्या.

"हात खाली करा. आज माह्यासाठी सोडसान. उद्या तुमच्याही घरी कोणी बिमार पडन. मंग त्याले नाई म्हणाले तोंड राहीन का तुमचं?"

"पण पोराले काय सांगसान, ताई?" गजाननानं विचारलं.

त्या तिथंच खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं. "तेच तं समजून नाई राह्यलं, बावा." पण वर गेलेले हात खाली येईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

हिश्श्याचे पैसे आणि मशीन घेऊन त्या पुण्याला गेल्या. मुलगा त्यांच्याशी धड बोलत नव्हता, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मला ते गजाननकडून कळलं. त्यांचं चुकलं का, हे मला आजही ठरवता येत नाही. मी रोज उघडतो ते दुकान त्यांच्या हट्टामुळे टिकलं आणि त्यांचा मुलगा त्याच हट्टामुळे भाड्याच्या घरात राहिला.

परवा त्यांचा फोन आला. आवाजाला धाप लागलेली.

"मालक ही बिल्डिंग इकाले निंगाला, भाऊ. सारे भाडेकरूच हायेत आणि कोणाले कोणाचं नाव माहीत नाई. मी खालच्या मजल्यापासून एकेक दार वाजवाले सुरू केलं. पोरगा नाई म्हणे, पण आता मागंमागं येऊन राह्यला."

मी काही विचारणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ठेवा आता. दार उघडून राह्यले."